मँडोलिनवर 'चॉप' वाजवायला शिकताना: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

मँडोलिन म्हटलं की आपल्या कानात येतो तो थरथरणारा लांब सूर. हिंदी चित्रपटगीतांनी तो घरोघरी पोचवला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मँडोलिनवादकच. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. दोन्हीकडे मँडोलिन गातं. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीतात मात्र ते गाण्याचा बराचसा वेळ ताल धरून असतं. हा ताल ज्या आवाजाने धरतात त्याला 'चॉप' म्हणतात. चॉप म्हणजे कॉर्डचा (एकदम वाजवलेल्या दोन-चार स्वरांचा) एक तुटक, कोरडा 'टक्'.

मँडोलिनने ताल धरण्याचं कारण वाद्यवृंदाच्या रचनेत आहे. ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे मँडोलिनवादक, केंटकीतल्या रोझीन गावचे बिल मन्रो (१९११–१९९६) यांचा संच १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात मँडोलिन, बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार आणि उभा बास अशी त्याची घडण पक्की झाली. यात ड्रम नाही. चार मात्रांमधल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास वाजतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा चॉप पडतो. ड्रमसेटमधला स्नेअर जे काम करतो, ते इथे आठ तारांचं हे छोटं वाद्य करतं.

शिकणारे बहुतेक जण उजव्या हाताच्या जोरामागे लागतात आणि महिनोन्‌महिने नुसता गोंगाट करत राहतात. चॉपचा 'टक्' घडतो डाव्या हातात, बोटांचा दाब सुटतो त्या क्षणी. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका क्षणाच्या तयारीसाठी आहेत.

जवळ काय काय हवं

- मँडोलिन. छातीवर व्हायोलिनसारखी एफ आकाराची दोन भोकं असलेलं घ्या. त्याचा सूर लवकर विझतो आणि चॉपला तेच हवं असतं. मधोमध लंबगोल भोक असलेल्या मँडोलिनचा सूर जास्त वेळ रेंगाळतो. त्यावरही चॉप येतो, पण मेहनत जास्त पडते. गोल पोटाचं इटालियन धाटणीचं मँडोलिन या कामाला घेऊ नका. खांद्याशी नक्षीदार वळण असलेल्या मॉडेलची किंमत त्या नक्षीमुळे वाढते; साध्या थेंबाच्या आकाराचं मँडोलिन सुरुवातीला अगदी पुरेसं आहे.
- पिक (तारा छेडायची छोटी चकती), १ ते १.५ मिलिमीटर जाडीचं. गिटारबरोबर मिळणारं पातळ पिक तारांवर वाकतं. मग फटका उशिरा पडतो आणि वर फडफडही ऐकू येते. गोलसर कोपऱ्यांचं मोठं त्रिकोणी पिक हातात घट्ट बसतं.
- तारांचा एक जादा संच. ब्लूग्रासवाले बहुधा ०.०११, ०.०१५, ०.०२६, ०.०४० इंचांचा मध्यम संच वापरतात. बोटं तयार होईपर्यंत ०.०१० पासून सुरू होणारा हलका संच चालेल. विकत घेताना टोकाला फास असलेल्या तारा मागा. गिटारच्या तारांसारखा गोळा असलेल्या तारा बहुतेक मँडोलिनच्या शेपटीत (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीत) अडकत नाहीत.
- चिमट्याचा ट्यूनर, मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक देणारं फोनवरचं कुठलंही अ‍ॅप), खांद्याचा पट्टा, आणि रेकॉर्डिंगसाठी फोन. पट्टा बसून वाजवतानाही लावा. त्याविना डावा हात मानेला आधार देत बसतो आणि बोटं मोकळी राहत नाहीत.

१. आधी वाद्य तपासून घ्या

मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. जाडीकडून बारीककडे त्या जी, डी, ए, ई अशा लावतात. पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकलेल्यांना हे स्वर तोंडपाठ असतील, कारण दोन्ही वाद्यांचं ट्यूनिंग तेच आहे. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वराला तंतोतंत मिळाल्या पाहिजेत. त्यात जराही फरक राहिला तर चॉप चरचरीत ऐकू येतो आणि नवशिक्याला वाटतं की आपली बोटंच चुकतायत.

आता तारांची उंची. बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. जाड जोडीला साधारण २ मिलिमीटर आणि बारीक जोडीला दीड, असं अंतर ठीक समजावं. तीनच्या पुढे असेल तर चार बोटांची कॉर्ड दाबणं ही शिक्षाच होईल. ब्रिजखाली (तारा छातीवर ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिच्याखाली) दोन छोटी चाकं असतील तर त्यांनी उंची कमी-जास्त करता येते, पण तारा सैल केल्याशिवाय ती फिरवू नका. ताणाखाली फिरवलेली चाकं आटे खातात.

मानेच्या टोकाशी, खुंट्यांच्या जवळ, तारा जिथून सरकतात तो नटही पाहा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. कागद जेमतेम सरकेल इतकी फट चांगली. स्वस्त वाद्यांमध्ये ही फट बरीच मोठी असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फ्रेटवर दाबताना बोटं दुखतात. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून नटच्या खाचा खोल करून घ्या. काम छोटं आहे, पण घरी कानशीने करू नका. खाच एकदा जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो.

मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच जागेवर बसलेला असतो. म्हणून तारा बदलताना एकेक बदला. सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज हातात येतो आणि परत नेमका बसवता येत नाही. जागा तपासायची तर बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा घंटीसारखा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज शेपटीकडे, उतरलेला असेल तर मानेकडे केसभर सरकवा.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि तारा उंच होतात. जूनमध्ये अचानक कॉर्ड जड लागायला लागली तर आधी उंची मोजा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. खाऱ्या हवेत स्टीलच्या तारा फार लवकर गंजतात.

२. मोकळी तार चॉपमध्ये का चालत नाही

मँडोलिनची पहिली कॉर्ड म्हणून सगळीकडे जी ०-०-२-३ अशी शिकवतात. आकडे जाड जोडीकडून बारीककडे वाचायचे. शून्य म्हणजे मोकळी तार, फुली म्हणजे ती जोडी वाजवायची नाही. ही कॉर्ड सोपी आहे, गोडही आहे, पण चॉपला निरुपयोगी आहे. चॉपमध्ये सूर तोडायचा असतो आणि तो बोटाचा दाब सोडून तुटतो. ज्या तारेवर बोटच नाही, तिचा दाब सोडणार कसा? ती गुंजतच राहते. म्हणून चॉपच्या सगळ्या कॉर्ड्स बंद असतात: वाजणाऱ्या प्रत्येक जोडीवर एक बोट.

यात एक मोठा फायदा दडलेला आहे. बंद आकार मानेवर कुठेही सरकवता येतो. दोन आकार बसले की सगळ्या पट्ट्यांमधल्या मेजर कॉर्ड्स हातात येतात.

३. जी आकार, वरून खाली

पहिला आकार ७-५-२-३. बोटं अशी: करंगळी जाड जोडीवर सातव्या फ्रेटला, अनामिका डीच्या जोडीवर पाचव्याला, तर्जनी एच्या जोडीवर दुसऱ्याला, मधलं बोट ईच्या जोडीवर तिसऱ्याला. स्वर निघतात डी, जी, बी, जी. आपल्या भाषेत जीला सा धरला तर प, सा, ग, सा.

पहिल्या दिवशी हा आकार जवळजवळ कुणालाच लागत नाही. मँडोलिनच्या तारेची वाजती लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, आणि दुसऱ्या ते सातव्या फ्रेटमधलं अंतर जवळपास ८ सेंटिमीटर आहे. तर्जनी आणि करंगळी इतकी फाकायची आणि मधली दोन बोटंही जागेवर ठेवायची, हे न सरावलेल्या हाताला जड जाणारच.

म्हणून हा आकार खालून शिकू नका. आधी १२-१०-७-८ वर लावा. तिथे तीच कॉर्ड सी होते आणि तर्जनी-करंगळीतलं अंतर ६ सेंटिमीटरच्या आत येतं. तिथे चारही जोड्या स्वच्छ वाजल्या की एक फ्रेट खाली: ११-९-६-७, मग १०-८-५-६, मग ९-७-४-५ (ही ए), मग ८-६-३-४, शेवटी ७-५-२-३. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिवस द्या. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक हात जीपर्यंत उतरतात. लहान हातांना जास्त लागतील, त्यात गैर काही नाही.

दरम्यान हातावर हात धरून बसायची गरज नाही. करंगळी वगळून x-५-२-३ वाजवा. जाड जोडीला अनामिकेच्या टोकाने हलकं टेकवून गप्प ठेवा. कितीतरी वादक ही तीन बोटांचीच कॉर्ड वाजवतात आणि ती ऐकायला पुरेशी भरीव असते.

डाव्या हाताची ठेवण गिटारसारखी ठेवू नका. गिटारवर बोटं फ्रेटला समांतर येतात आणि अंगठा मानेमागे दडतो. मँडोलिनची मान व्हायोलिनसारखी धरतात: बोटं तिरपी, खुंट्यांकडून शरीराकडे कललेली, अंगठ्याचं टोक मानेच्या वर डोकावणारं, तळवा आणि मान यांच्यात मोकळी जागा. ही तिरकी ठेवण आली की करंगळीची पोच आपोआप वाढते. नवशिक्यांची निम्मी तक्रार 'माझी करंगळी पोचत नाही' अशी असते, आणि बहुतेकदा चूक करंगळीची नसून मानेला चिकटलेल्या तळव्याची असते.

अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात कळ आली तर तिथेच थांबा. एका बैठकीत या आकाराला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

४. उजवा हात: मनगट सैल, फटका खाली

पिक तर्जनीच्या पहिल्या पेराच्या बाजूवर आडवं ठेवा आणि वरून अंगठ्याचा मांसल भाग टेकवा. टोक ४-५ मिलिमीटर बाहेर राहू दे. बाकीची बोटं सैल मिटलेली, मुठीत चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी. तळवा ब्रिजवर टेकवू नका. टेकलेला हात तारांचा आवाज दाबतो आणि मनगट अडकतं.

फटका नेहमी खालच्या दिशेचा. हातातलं पाणी झटकताना मनगट जसं फिरतं, तीच हालचाल, फक्त छोटी. पिक जाड जोडीवर जोरात लागतं, डीवरून घसरत एपर्यंत येतं आणि ईवर पोचेतो त्याचा जोर संपलेला असतो. 'टक्' मधला लाकडी, भरीव भाग जाड दोन जोड्यांतून येतो. चारही जोड्यांवर सारखा जोर लावला तर बारीक तारांचा किणकिणाट वर तरंगतो आणि आवाज डबा वाजवल्यासारखा होतो.

जागा: ब्रिज आणि मानेचं छातीकडचं टोक यांच्या मधोमध, जराशी मानेकडे. ब्रिजला लागून वाजवलं तर आवाज पातळ होतो. फार मानेकडे गेलात तर पिक शेवटच्या फ्रेट्सवर आपटतं आणि नको ती टकटक येते.

आता डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती ठेवा, दाबू नका. फटका मारा. सूर नसलेला 'टक्' आला पाहिजे. हा चॉपचा सांगाडा. एक-दोन दिवस फक्त एवढंच वाजवा, सावकाश मोजत, आणि प्रत्येक फटका सारखा येतो का ते ऐका.

५. दाबा, वाजवा, सोडा

बोटं तारांवर आहेत, दाबलेली नाहीत. उजवा हात खाली यायला लागतो. पिक तारांना लागायच्या किंचित आधी डावा हात मुठीने स्पंज पिळावा तसा एकदम दाबतो. कॉर्ड वाजते, आणि वाजता वाजता दाब सुटतो. बोट उचलायचं नाही. तार आपल्या ताणाने बोटाला वर ढकलते, जेमतेम एक मिलिमीटर, आणि बोट तिच्यावर तसंच टेकलेलं राहतं. फ्रेटपासून सुटलेली आणि कातडीला टेकलेली तार लगेच गप्प होते.

सूर किती वेळ ऐकू आला पाहिजे? 'टक्' कुठल्या कॉर्डचा आहे हे ऐकणाऱ्याला कळेल, इतका. सोडायला उशीर झाला तर 'टॅंग' असा लांबलेला आवाज येतो. फार लवकर सोडलं तर नुसता ठोका येतो, कॉर्ड ऐकूच येत नाही. दोन्ही टोकं मुद्दाम वाजवून पाहा: आधी पूर्ण गुंजू द्या, मग पूर्ण गप्प ठेवा, मग दोन्हींच्या मध्ये हळूहळू जागा शोधा. कानाला ही दोन टोकं ओळखीची झाली की मधली जागा लवकर सापडते.

इथे एक खोड हमखास सतावते. सगळं बरोबर करूनही चॉपच्या शेवटी बारीक 'टिंग' ऐकू येतं. पाचवा, सातवा आणि बारावा फ्रेट या तारेच्या अशा जागा आहेत जिथे हलका स्पर्श झाला की घंटीसारखा सूर निघतो. ब्रिज तपासताना बाराव्या फ्रेटवर काढला तोच प्रकार. जीच्या आकारात करंगळी नेमकी सातव्यावर आणि अनामिका नेमकी पाचव्यावर असते, त्यामुळे दाब सोडताच ती घंटी वाजते. उपाय असा की एका तारेला दोन ठिकाणी स्पर्श व्हायला हवा. अनामिकेचं टोक शेजारच्या जाड जोडीला किंचित टेकू द्या, आणि दाब सोडताना बोटं थोडी चपटी होऊ द्या. 'टिंग' जातं. ए फ्लॅटच्या (८-६-३-४) चॉपमध्ये ही खोड कमी जाणवते आणि जीमध्ये जास्त, त्याचं कारणही हेच.

दुसरी चूक म्हणजे दाब सोडण्याऐवजी बोटं हवेत उचलणं. उचलली की मोकळ्या तारा वाजतात, आणि पुढच्या कॉर्डला बोटांना लांबून परत यावं लागतं. फोनवर डाव्या हाताचा व्हिडिओ काढा. चॉपनंतर बोटं आणि तारा यांच्यात उजेड दिसला तर तीच चूक होतेय.

६. दुसरी आणि चौथी मात्रा

आपल्या कानांना समेची ओढ असते. टाळी पहिल्या मात्रेवर पडते, भजनात, गाण्यात, सगळीकडे. त्यामुळे आपल्याकडच्या शिकणाऱ्याचा चॉप चार-सहा आवर्तनांत घरंगळत पहिल्या मात्रेवर येतो, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चॉपमध्ये पहिली मात्रा बासची असते. आपण तिथे गप्प राहतो.

मेट्रोनोम ४० वर लावा. प्रत्येक 'टिक' ही दुसरी आणि चौथी मात्रा समजा. म्हणजे गाण्याची खरी लय ८० झाली. दोन टिकांच्या मधल्या रिकाम्या जागेत तोंडाने 'एक' म्हणा, टिकवर 'दोन', रिकाम्यात 'तीन', टिकवर 'चार'. वाद्य हातात न घेता पाच मिनिटं एवढंच करा. पहिली मात्रा पायाने, दुसरी टाळीने. हे स्थिर झालं की टाळीच्या जागी चॉप.

पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतोय ना, ते सारखं बघा. पाय चॉपबरोबर पडायला लागला की समजा, तुमची सम घसरली. थांबा, मोजा, पुन्हा सुरू करा.

मेट्रोनोम एका वेळी दोन-तीनच ठोक्यांनी वाढवा. टिक ६० वर, म्हणजे खरी लय १२० वर, चॉप कोरडा आणि सारखा राहिला तर पहिल्या टप्प्याला ते छान आहे. ब्लूग्रासमधली जलद गाणी याच्या बरीच वर जातात, पण तिथे घाईने जाऊ नका. वेग वाढला की आधी डावा हात दाब सोडायचं विसरतो आणि चॉपचं रूपांतर खराट्यात होतं.

७. जी, सी, डी: एकाच हाताच्या तीन जागा

जी पट्टीतल्या असंख्य गाण्यांना तीनच कॉर्ड्स लागतात. हार्मोनियमवाल्यांना हे पटकन कळेल: सा-वरची, म-वरची आणि प-वरची कॉर्ड. जी सा, सी म, डी प.

जीच्या आकारात अनामिका डीच्या जोडीवर पाचव्याला, तर्जनी एवर दुसऱ्याला, मधलं बोट ईवर तिसऱ्याला आहे. करंगळी उचला. उरलेली तीन बोटं, फ्रेट अजिबात न बदलता, एकेक जोडी जाड बाजूला सरकवा. झाली सी: ५-२-३-x. या सीचे स्वर सी, ई, सी. बोटांचा आकार बदललेला नाही, फक्त एका जोडीने सरकला आहे. ईची जोडी इथे वाजवायची नाही. मधल्या बोटाचं पोट तिला हलकं टेकवून ठेवा, आणि फटक्याचा जोर तिथे पोचण्याआधी संपू द्या.

हाच आकार तसाच दोन फ्रेट वर न्या: ७-४-५-x. ही डी.

हे सूत्र प्रत्येक पट्टीला लागू आहे. सा-ची कॉर्ड लावा, तीन बोटं एका जोडीने जाड बाजूला सरकवली की म-ची, तिथून दोन फ्रेट वर प-ची. ए पट्टीत ९-७-४-५ वरून सुरू करा: डी ७-४-५-x आणि ई ९-६-७-x. बी पट्टीत ११-९-६-७, मग ई ९-६-७-x आणि एफ शार्प ११-८-९-x. गायकाने पट्टी बदलली तर नवी कॉर्ड शोधत बसायला नको, हात सरकवला की झालं.

सरावासाठी सोळा मापांचा हा तक्ता घ्या. प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे दोन चॉप.

जी | जी | सी | जी
जी | जी | डी | डी
जी | जी | सी | सी
जी | डी | जी | जी

कॉर्ड बदलायला किती वेळ मिळतो ते पाहा. चौथ्या मात्रेवर जुन्या कॉर्डचा शेवटचा चॉप, पुढच्या दुसऱ्या मात्रेवर नव्या कॉर्डचा पहिला. मध्ये बासची पूर्ण एक मात्रा आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा आहे. दाब सुटलेला असल्यामुळे बोटं तारांवरून घसरत जाऊ शकतात. तरी उशीर होत असेल तर चूक अशी की चौथ्या मात्रेचा चॉप सोडलाच नाही आणि बोटं तिथेच दाबून बसली. फक्त तो बदल वेगळा काढा: चौथी मात्रा, पुढची दुसरी, थांबा. वीस वेळा.

८. मायनर कॉर्ड्स आणि तीन मात्रांची गाणी

जी पट्टीत ई मायनर आणि ए मायनर वारंवार येतात. ई मायनर ४-२-२-३: अनामिका जाड जोडीवर चौथ्याला, तर्जनी डी आणि ए या दोन्ही जोड्यांवर दुसऱ्याला आडवी, मधलं बोट ईवर तिसऱ्याला. ए मायनर २-२-३-५: तर्जनी जी आणि डीच्या जोड्यांवर दुसऱ्याला आडवी, मधलं बोट एवर तिसऱ्याला, करंगळी ईवर पाचव्याला. दोन्ही आकार बंद आहेत, म्हणून सरकतात. ए मायनर दोन फ्रेट वर नेली की बी मायनर, ४-४-५-७. आडवी तर्जनी दाबून ठेवायची सवय मोडणं इथे सर्वांत अवघड जातं. सोडताना तर्जनी आधी सैल करा, बाकीची बोटं मागोमाग येतात.

तीन मात्रांच्या गाण्यात पहिली मात्रा बासची, दुसऱ्या आणि तिसऱ्यावर चॉप: बूम-टक्-टक्. दादऱ्याच्या सहा मात्रा अंगात असतील तर दोन, तीन, पाच, सहा या मात्रांवर चॉप येईल. दोन्ही चॉप सारखे जोरात मारू नका. तिसरी मात्रा जरा हलकी ठेवली की गाणं झुलतं.

९. इतरांबरोबर वाजवताना

गायक गात असेल तेव्हा चॉप आवाजाखाली राहिला पाहिजे. बँजो किंवा फिडल एकट्याने पुढे आलं की मोकळेपणाने वाजवा. तुमची स्वतःची एकल फेरी आली की चॉप थांबतो. ती जागा भरायला फिडलवाल्याला किंवा गिटारवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर गाण्याच्या मध्येच जमीन सरकल्यासारखं होतं.

पुण्या-मुंबईच्या छोट्या मैफलींत बऱ्याचदा काहोन (बसून हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) असतं, आणि काहोनवाला दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच थाप मारतो. दोघांनी एकाच जागी पूर्ण जोराने वाजवलं तर केसभराचा फरकही उघडा पडतो. अशा वेळी फक्त जाड दोन जोड्यांवर, अगदी हलका चॉप ठेवा, किंवा काही ओळी सोडून द्या. काहोन नसेल आणि बासही नसेल, तर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर गिटारवाल्याला त्याच्या जाड तारा वाजवायला सांगा. खालचा 'बूम' आला की वरच्या 'टक्'ला टेकायला जागा मिळते.

लय धरून ठेवणं चॉप वाजवणाऱ्याच्या हातात असतं. गायक पुढे पळाला तर त्याच्यामागे धावू नका, बासकडे कान ठेवा आणि त्याच्या दोन ठोक्यांच्या अगदी मध्ये आपला चॉप पडतोय का ते ऐका. घरी हे तपासायचं तर तक्ता मेट्रोनोमशिवाय पाच मिनिटं वाजवून रेकॉर्ड करा, आणि पहिल्या व शेवटच्या मिनिटातले चॉप मोजा. शेवटच्या मिनिटात दोन-तीन जास्त आले तर हरकत नाही. दहा जास्त आले तर पुढचा आठवडा पुन्हा ४० च्या टिकवर.